बुंदीचा खोकला

"गप कर तिला आई, नाहीतर मी करतो."

हेमराज जिन्यातून खाली आला तेव्हा अंगणातली फरशी उन्हानं नुसती भाजत होती. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला, झोप मोडलेली, डोळे लालभडक. बुंदी माझ्या खाटेखाली पाय फाकवून, मान लांब करून खोकत होती. कुत्र्याचा खोकला म्हणून कोणाला सांगून पटलं नसतं. बदकाच्या मानेवर कोणी पाय द्यावा आणि त्यानं तशातच ओरडावं, तसा तो आवाज. कोरडा, भोंग्यासारखा. एकदा सुरू झाला की थांबता थांबायचा नाही. शेवटी तोंडाला फेस येऊन ती आडवी व्हायची.

"उकाड्यानं होतंय रे तिला," मी म्हटलं. "मध चाटवते. थांबेल."

"उन्हाळा लागल्यापासून मधच चाटवतेयस."

त्यानं वाकून खाटेखाली हात घातला. गळ्यातल्या पट्ट्याला धरून तिला बाहेर ओढली आणि तसंच पट्ट्याला धरून उचलली. पोमेरेनियन जातीची ती, ओंजळभर जीव. चारी पाय हवेत. खोकला एकदम बंद झाला.

"बघ," हेमराज म्हणाला. "झाली गप."

मी त्याचा दंड ओढला. तो हलला नाही. बुंदीचे डोळे बाहेर आले होते, पाय पोहल्यासारखे हवेत चालत होते. मला दुसरं काही सुचलं नाही. मी माझ्या लेकाच्या मनगटाला कडकडून चावले.

त्यानं बुंदीला सोडलं आणि मला ढकललं. माझं डोकं फळीवर आपटलं, वरचे डबे खाली आले. तोवर माझी सून, ज्योत्स्ना, स्वयंपाकघरातून धावत आली होती. तिनं बुंदीला उचललं. बुंदीची जीभ जांभळासारखी झाली होती. ज्योत्स्ना अनवाणीच रस्त्यावर पळाली. डांबर वितळत होतं, आणि ही पोरगी चपला न घालता "रिक्षा, रिक्षा" करत धावतेय. मी मागून तिच्या चपला आणि स्कार्फ हातात घेऊन.

मागे वळून पाहिलं तर हेमराज पायरीवर बसून मनगट चोखत होता. लहानपणी पडला की बसायचा तसा.

आमचे हे रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर भुसावळातच घर बांधलं, ते माझ्या नावावर केलं. बुंदीला त्यांनीच आणलं. क्वार्टर सोडून चाललेल्या एका बंगाली कुटुंबाला ती जड झाली होती. हे गेले, बुंदी राहिली. हेमराज लोको शेडला लागला होता. एरंडोलची ज्योत्स्ना सून म्हणून आली आणि त्या दोघांना वरची खोली दिली. मी आणि बुंदी खाली. हेमराजचा राग मला ठाऊक होता. ताट भिरकावणं, दार आपटणं, बापाच्या वळणावर गेलाय म्हणायचो आम्ही. पण हे ताटं भिरकावायचे ती भिंतीवर.

डॉक्टर झांबरेंनी बुंदीला आधी प्राणवायू दिला, मग फोटो काढला. तो काचेवर लावून आम्हाला दाखवला.

"काकू, ही श्वासनळी. कड्यांची असते. हिच्या कड्या मऊ पडल्यात. कूलरला पाणी भरायचा पाइप उन्हात पडून मऊ होतो ना, मग पाय पडला की चपटा? तसं. आत ओढलेला श्वास पुढे सरकत नाही, म्हणून असा भोंगा वाजतो. लहान जातीच्या कुत्र्यांना होतं हे."

"बरं होईल ना?"

"बरं होणार नाही. सांभाळावं लागेल. सांभाळलंत तर आणखी बरीच वर्षं जगेल." ते बोटांवर मोजत सांगत गेले. गळ्यात पट्टा आजपासून बंद, छातीला बांधायचा घ्या. वजन वाढू द्यायचं नाही, तूप-पोळी बंद. घरात धूर नको, उदबत्तीसुद्धा. उन्हात नेऊ नका. खोकल्याचं औषध, वाफेचं मशीन. "आणि मुख्य म्हणजे तिला घाबरू देऊ नका. घाबरली की धाप लागते, धाप लागली की नळी बसते."

मग त्यांनी बुंदीची मान हलकेच चाचपली. केसांखाली लाल वळ होता. "हे कशानं?"

मी पिशवीत पैसे शोधू लागले. ज्योत्स्नानं चेहऱ्याला गुंडाळलेला स्कार्फ नीट केला. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्याच बायका डोळे तेवढे उघडे ठेवून फिरतात.

"डॉक्टर," ती म्हणाली, "नळी एकदा दाबली गेली, तर परत उभी राहते का?"

"लगेच सोडली तर राहते."

"आणि दर वेळेला दाबली गेली तर?"

"मग एखाद्या वेळेला नाही राहत," डॉक्टर म्हणाले, आणि औषधं लिहू लागले.

संध्याकाळी घरी आलो तर हेमराज ड्यूटीवर गेलेला. दुसऱ्या दिवशी आला तो हातात पुडकं घेऊन. बुंदीसाठी छातीला बांधायचा लाल पट्टा. मुद्दाम जळगावला जाऊन आणलेला. माझ्या पायांशी बसला आणि ढसाढसा रडला. "आई, झोप नसते गं. डोकं फिरतं. मला कळतच नाही मी काय करतोय." मी त्याच्या केसांतून हात फिरवला. ज्योत्स्ना दारात उभी राहून बघत होती. तिच्या तोंडावर ना राग, ना आनंद. एखादी गाडी किती वाजता येते आणि किती वाजता जाते हे पाठ असलेल्या माणसासारखी उभी होती.

पुढचे काही आठवडे बरे गेले. बुंदीचं दुखणं आम्ही दोघींनी वाटून घेतलं. सकाळी ऊन चढायच्या आत ज्योत्स्ना तिला गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणायची. फोडणी घालताना मी मधलं दार लावून घ्यायची. देवापुढची उदबत्ती बंद केली. देवाला सांगितलं, वास नाही तरी फूल आहे, चालवून घे. दुपारी मोरीत ओलं पोतं टाकून बुंदीला त्यावर निजवायचं. वाफेच्या मशीनला ती आधी घाबरायची, मग ज्योत्स्ना तिला मांडीत घेऊन स्वतःच्या तोंडाला ते लावून दाखवायची. "हे बघ, मी घेते, आता तू घे."

खोकल्याची उबळ आली तर काय करायचं तेही शिकलो. आरडाओरडा करायचा नाही. तिला बसती करायची, हनुवटी किंचित वर, छातीवर ओला हात, आणि तिच्या कानाशी सावकाश बोलत राहायचं. शब्द काय ते महत्त्वाचं नाही. आवाज खालचा हवा. ज्योत्स्नाला हे माझ्याहून छान जमायचं. "हळू घे गं, हळू, कोणी नाही इथे," असं ती म्हणायची आणि खरंच बुंदीचा श्वास उतरायचा.

बुंदी बरीच सुधारली होती. हेमराजही मला सुधारल्यासारखा वाटत होता. खाली आला की तिला लांबूनच "काय म्हाताऱ्ये" म्हणायचा. ती मात्र त्याची चाहूल लागली की पोटावर सरपटत खाटेखाली जायची.

त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. कुठेतरी ट्रान्सफॉर्मर उडाला होता. कूलर बंद, पंखा बंद, भिंतींना हात लावला तर चटका बसत होता. हेमराज रात्रपाळीहून आला तो कोणाशी तरी भांडून. शर्टाचं बटण तुटलेलं. आंघोळ केली, वर गेला. ज्योत्स्ना त्याचं ताट घेऊन मागोमाग गेली. मी बुंदीला मोरीत निजवलं, पोत्यावर पाणी मारलं आणि खाटेवर येऊन पडले. माझा डोळा लागला असावा.

खोकल्यानं जाग आली.

तोच आवाज. बदकाच्या मानेवर पाय. कोरडा, आत ओढलेला, मध्येच तुटणारा. मी धडपडत उठले. हेमराज जागा व्हायच्या आत हिला शांत केली पाहिजे, एवढंच डोक्यात. फळीवरची औषधाची बाटली घेतली, ओला पंचा खांद्यावर टाकला आणि मोरीकडे गेले.

बुंदी पोत्यावर बसलेली होती. कान मागे टाकलेले, सगळं अंग थरथरतंय. तोंड मिटलेलं. ती छताकडे बघत होती.

आवाज पुन्हा आला. वरून.

बाटली माझ्या हातातून सुटली. फुटल्याचं ऐकूसुद्धा आलं नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मिरची कुटायचं मुसळ उभं होतं, खाली लोखंडी कडं असलेलं. ते मी उचललं. का उचललं, काय करणार आहे, काही ठरवलं नव्हतं. जिना चढताना मला एकच ऐकू येत होतं. मघाशी जो आवाज येत होता, तो आता थांबला होता.

दार नुसतं लोटलेलं होतं.

ताट भिंतीवर आपटलेलं, वरण ओघळत होतं. हेमराजनं ज्योत्स्नाला कपाटाला टेकवून धरली होती. एका हातानं. उजव्या. पंजा तिच्या गळ्याभोवती, अंगठा मधोमध. तिचे पाय जमिनीला नावापुरते टेकलेले, टाचा वर. हात त्याच्या छातीवर पोहल्यासारखे चालत होते. जीभ मला दिसली. तिचा रंग मला माहीत होता.

"हेमराज, सोड."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागात माणूस तांबडालाल होतो, थरथरतो. हा अगदी शांत होता. "खाली जा आई," म्हणाला. "ही गप होत नाही तोवर."

मी मुसळ दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या हातावर घातलं.

ऊस मोडावा तसा आवाज झाला. हात कोपराच्या खाली वेडावाकडा लोंबला, पंजा उघडला, ज्योत्स्ना कपाटाला घासत खाली बसली. हेमराज ओरडला नाही. आधी त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं, नवल वाटल्यासारखं. मग डाव्या हाताची मूठ माझ्या तोंडावर बसली. दात तुटल्याचं माझ्या जिभेला कळलं. मी पलंगावर पडले. तो माझ्या अंगावर आला, मुसळ ओढू लागला. मी सोडलं नाही. त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो वाकला. खांद्यावर घातलं. तो खाली बसला. मी आणखी एकदा उचललं होतं. आणि तेव्हा त्यानं मोडका हात पोटाशी धरून, मान वर करून हाक मारली, "आई गं."

मुसळ वरच राहिलं. मी ते खिडकीतून खाली अंगणात टाकलं. हातात राहिलं असतं तर काय झालं असतं, हे मला तेव्हा ठाऊक होतं आणि आजही आहे.

ज्योत्स्नाला श्वास येत नव्हता. आत ओढायची आणि तिथेच भोंगा वाजायचा. ती घाबरून केस, पदर, काय हाती येईल ते ओढत होती. मी तिच्यामागे बसले. तिला छातीशी टेकवून बसती केली. हनुवटी किंचित वर धरली. खांद्यावरचा पंचा ओला होताच, तो छातीवर ठेवला. माझ्या तोंडातून रक्त गळत होतं, ते तिच्या खांद्यावर पडत होतं. तरी आवाज खाली ठेवला.

"हळू घे गं. हळू. कोणी नाही इथे."

कोणी नाही कसं? तो समोरच बसला होता, भिंतीला टेकून, कण्हत. त्याच्याकडे मी पाहिलं नाही. एवढ्यात बुंदी जिना चढून आली, उंबऱ्याशी आडवी झाली आणि तिलाही उबळ लागली. मान लांब करून ती माझ्याकडे बघत खोकत होती. मी ज्योत्स्नाच्या छातीवरचा हात काढला नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच मी बुंदीला खोकू दिलं.

ज्योत्स्नाचा श्वास लागला. बारीक, घरघरणारा, पण लागला.

तोवर शेजारचे नेमाडे आणि त्यांची माणसं वर आली होती. हेमराजनं त्यांना पाहिलं, उंबऱ्यातल्या बुंदीला पाहिलं, आणि खोकणाऱ्या बुंदीकडे डावं बोट करून ओरडला, "हिच्यापायी! या कुत्रीपायी आईनं माझा हात मोडला!"

ही गोष्ट आमच्याआधी सरकारी दवाखान्यात पोचली. पट्टी बांधणारी नर्स माझ्याकडे चमत्कारिक बघत होती. बाहेर बाकड्यावर कोणी म्हणत होतं, "म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, नवरा गेल्यापासून कुत्र्यालाच लेकरू समजते." ज्योत्स्नाच्या गळ्यात स्कार्फ होता. तो तिनं वाटेतच गुंडाळून घेतला होता. बोलता तर तिला येतच नव्हतं. तोंड उघडलं की नुसती हवा.

यावलहून माझे थोरले भाऊ, प्रल्हाददादा, आले. माझ्या सुजलेल्या तोंडाकडे त्यांनी बघून घेतलं आणि मला बाजूला नेलं.

"पोलीस येणार आहेत. दवाखान्यातून कळवावंच लागतं त्यांना. तू एवढंच कर सुमित्रा. कुत्रीवरून झालं म्हण. हेमराज तेच सांगतोय."

"आणि माझा दात?"

"झटापटीत लागलं म्हण. लोक हसतील आठ दिवस, विसरतील. खरं सांगितलंस तर त्याला अटक होईल. नोकरी जाईल. रेल्वेची नोकरी, सुमित्रा. भावजींच्या पुण्याईनं लागलेली." त्यांनी माझा हात हातात घेतला. "नवरा-बायकोत होतं असं. सुनेची मी समजूत घालतो. घरातली गोष्ट घरात राहू दे. तुझं पोर आहे ते. तू त्याला पाजलंयस."

दादा वाईट नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी आत गेले. ज्योत्स्ना खाटेवर बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि तिच्या गळ्यातला स्कार्फ सोडला. तिनं हात मध्ये आणला, मग खाली घेतला. आजची बोटं तर उमटलेली होतीच, लालजांभळी. पण त्यांच्याखाली दुसरी होती, पिवळट पडलेली. त्यांच्याखाली तिसरी, जुनी, हिरवट. खालच्या खोलीत मी बुंदीला वाफ देत असताना, आमच्याच छताच्या वर हे चाललं होतं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

तिनं बोटानं हवेत काहीतरी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं.

पोलिसांकडून एक हवालदार बाई आल्या. उन्हानं रापलेल्या, दमलेल्या. खुर्ची ओढून बसल्या. "बोला मावशी. कुत्रीवरून पोराला मारलंत म्हणे?"

दारात दादा उभे होते. त्यांच्यामागे हेमराज, हाताला कच्चं प्लास्टर, तोंड उतरलेलं. तो माझ्याकडे बघत होता. शाळेतून तक्रार आली की मास्तरांसमोर माझ्याकडे बघायचा तसाच. आई सांभाळून घेईल.

"नाही," मी म्हटलं. "कुत्रीला आज त्यानं हातही लावला नव्हता. तो माझ्या सुनेचा गळा आवळत होता. जीव जाईपर्यंत आवळणार होता. मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून हात मोडला."

हवालदार बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "गळा आवळणारा कोण तुमचा?"

"मुलगा."

"आणि ही?"

"ही माझ्या घरात राहते," मी म्हटलं. "पुढेही राहील. तो राहणार नाही."

हेमराज दारातून आत घुसला. "आई!" दादांनी आणि वॉर्डबॉयनं त्याला धरलं. तो धडपडत होता, शिव्या देत होता. मला, ज्योत्स्नाला, मेलेल्या बापाला. प्लास्टरचा हात चौकटीवर आपटला तेव्हा तो किंचाळला. मी बसूनच होते. ज्योत्स्नानं मागून माझा पदर मुठीत धरला होता.

केस पुष्कळ वर्षं चालली. तारखांना मी जायची. वकील विचारायचे, तुमची सून आणि मुलगा यांच्यात नक्की काय झालं ते तुम्हाला कसं माहीत? मी दर वेळेला तेच सांगायची, जे पाहिलं ते. हेमराजला शिक्षा झाली, नोकरी गेली. दादा मला पुढे कधी भेटले नाहीत. त्यांच्या तेराव्यालाच मी यावलला गेले.

बुंदी त्या दुपारनंतरही पुष्कळ जगली. खोकत जगली, पण जगली. एका थंडीत ज्योत्स्नाच्या मांडीवर झोपेतच गेली. ज्योत्स्नाचा आवाज काही पूर्ण परत आला नाही. आता ती शाळेत शिकवते आणि पोरं तिला मागून घोगऱ्या बाई म्हणतात. तिला ठाऊक आहे. घरी येऊन तीच मला सांगते आणि हसते.

गेल्या दिवाळीच्या आधी हेमराज आला होता. ज्योत्स्ना शाळेत गेलेली. फाटकाबाहेर उभा राहिला. केस पिकलेत. सुरतेकडे कुठेशी कामाला असतो म्हणाला. उजवा हात पुरता वळत नाही, पेला डाव्या हातानं धरला. मी पाणी फाटकावरूनच दिलं.

तो प्यायला. मग म्हणाला, "आई, तू कुत्रीसाठी मारलं असतंस ना, तर मी तुला माफ केलं असतं."

माझा लेक होता. उन्हात उभा होता. ओठांना पाणी लागलेलं. कोणत्याही आईला वाटेल ते सगळं मला वाटलं.

"आणखी पाणी देऊ?" मी विचारलं.

"दे."

मी दुसरा पेला भरून आणला. तोही प्यायला. रिकामा पेला त्यानं फाटकाच्या खांबावर ठेवला आणि थोडा वेळ कडीकडे बघत राहिला.

कडी आतून होती. मी काढली नाही.